एकशे बारा पायल्यांची टाकी

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, दोन दिवसांवर आली तरी नर्मदाबाई अजून बसली नव्हती. एकदा बसलं तर गुडघे परत उठू देतील याची तिला खात्री नव्हती. म्हणून चहा उभ्याने, भाकरी उभ्याने, आणि डुलकीसुद्धा खांबाला टेकून. गावातलं कोणी म्हणालं, अक्का, जरा टेका, तर ती म्हणे, टेकेन एकदाच, मग तुम्ही चौघं उचला.

तिला असं उभं ठेवणारी गोष्ट गावाबाहेर, कान नदीच्या काठावर, पत्र्याच्या शेडखाली होती. तिच्या धाकट्या दिराची, यादवची, बियरची टाकी. वाटण्यांच्या वेळी ज्या खडकाळ तुकड्यावरून देवरे घराण्यात दीड वर्ष अबोला चालला, त्याच तुकड्याचं नाव आता साक्रीपासून धुळ्यापर्यंत झालं होतं. औरंगाबादच्या बियरच्या कारखान्यात बारा वर्षं काढून यादव परत आला. लायसनसाठी त्याने सात वर्षं मुंबईच्या खेपा घातल्या. एका बंद पडलेल्या डेअरीची स्टीलची टाकी सहा बैल जुंपून आणली, आणि एकोणनव्वद सालचा चैत्र लागता लागता तिच्यात दोन हजार लिटर बियर मुरायला ठेवली. जवाची नव्हे, दादरची. आपली रब्बीची टपोरी ज्वारी, जिची भाकरी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते, तिची.

तेव्हापासून बोरझिरे गाव जमिनीवर नव्हतं. एस.टी.चा कंडक्टर फाट्यावर "बियर उतरा" असं ओरडे आणि ज्यांना पुढे पिंपळनेरला जायचं असे तेही उतरत. धुळ्याचा एक वकील येऊन टाकीला कान लावून गेला. आत भजन चाललंय म्हणाला, आणि ताल चुकतोय असंही म्हणाला. शेडवर बसणारी कबुतरं आठवड्याभरात एकमेकांना दादा म्हणू लागली. वना शेतकऱ्याचा म्हातारा बैल, जो गेली चार वर्षं कोणत्याही गाडीला लागला नव्हता, तो रोज सकाळी आपणहून शेडच्या दारात जाऊन उभा राही. हे खोटं वाटत असेल तर वनाला विचारा. तो तर दोन बैल सांगतो.

जे कधी थेंब पीत नव्हते तेच जास्त पेटले होते. साक्रीचे रतनलाल शेठ, बियाण्यांचे नि खताचे व्यापारी, तीन पिढ्यांत ज्यांच्या घरात कांदा शिजला नाही, त्यांनी स्वखर्चाने कमानीचा बोर्ड रंगवून आणला. आपल्या भागातली वस्तू आहे, म्हणाले, आम्ही प्यायची नाही, पण अभिमान बाळगायला काही बंदी नाही.

आणि बायका. यादवने दादरला मोड आणायचे आहेत, मग ती भट्टीत सुकवायची आहे, असं सांगितलं तेव्हा नर्मदाबाई हसली होती. हे काय औरंगाबादला जाऊन शिकायचं? उन्हाळ्यात बिबड्यांचे पापड करताना दादर तीन-तीन दिवस भिजवतो, आंबवतो, दळतो, शिजवतो आणि खाटेवर पातळ पसरतो. धान्य कधी जागं झालं आणि कधी माजलं हे बोटाला कळतं. मग तिने गल्लीला हाक दिली. बिबड्यांना बायका जशा एकमेकींकडे जातात तशाच त्या शेडवर आल्या. आज तुझ्याकडे, उद्या माझ्याकडे, मजुरी नाही, फक्त पातेल्याच्या बुडाचं गरम पीठ वाडग्यात आणि वर तेलाची धार. चाळीस बायकांनी गोणपाटांवर दादर पसरली, दिवसातून चार वेळा हाताने परतली, आणि परतताना अख्ख्या तालुक्याचीही उलथापालथ केली.

त्यातूनच ती रीत निघाली. नव्या चुलीचे पहिले बिबडे होतात तेव्हा बोरझिऱ्यात घरटी मूठभर धान्य देतात, चूल एकटी पडू नये म्हणून. यादवची टाकी म्हणजे नवी चूलच. पण टाकी मोठी, म्हणून मुठीऐवजी पायली. यादव डोकं धरून सांगत होता की बियरला एका शेतातलं, एका जातीचं धान्य लागतं. कोणी ऐकलं नाही. त्याची बायको कुंदाबाई हिने शेडच्या भिंतीवर खडूने घरांची नावं लिहायला घेतली, आणि एकदा भिंतीवर नावं लागू लागल्यावर कोण मागे राहतो? एकशे बारा घरं, एकशे बारा पायल्या. पहिल्या घाण्यात अख्खं गाव.

उद्याचा दिवस गेला की परवा आखाजी. माहेरवाशिणी आल्या होत्या, झाडांना झोके लागले होते. त्याच दिवशी सकाळी एक्साईजचे इन्स्पेक्टर येऊन टाकीचं कुलूप उघडणार आणि दुपारी गाव पहिला पेला पिणार.

आज सकाळी नर्मदाबाई नणंदेकडे गेली ती सांजोऱ्यांना हात लावायला तिला बोलवायला. केसरबाई गल्लीच्या टोकाला एकटी राहायची. नवरा भुसावळला रेल्वेत होता. अठरा वर्षांपूर्वी यार्डातल्या अपघातात गेला. तेव्हापासून तिला तीन एकर रान, दोन कोंबड्या आणि "देवऱ्यांची लेक" हे बिरुद, एवढंच उरलं होतं. त्यातलं शेवटचं ती रोज घासून पुसून ठेवी.

खुराड्याचं दार उघडं होतं. कोंबड्या कुठे, असं नर्मदाबाईने सहज विचारलं. मुंगसाने नेल्या, केसरबाई म्हणाली, आणि पाठ फिरवून चुलीत फुंकर घालू लागली. चूल तर पेटलेलीच होती.

मुंगूस नेतं तेव्हा पिसं मागे राहतात. अंगणात एक पीस नव्हतं. परसात मात्र माती उकरून थापलेली होती, दोन कोंबड्या मावतील एवढी. नर्मदाबाईला काही शोधायचं नव्हतं. तिला फक्त सांजोऱ्या लाटायच्या होत्या. पण डोळे थकले तरी बघायचं थांबवत नाहीत, हीच तर अडचण. परसातल्या दगडी डोणीच्या खाचांमध्ये लालसर रंग वाळून बसला होता. आणि केसरबाईने चुलीवरून पातेलं उतरवलं ते ज्या फडक्याने, ते फडकं म्हणजे बियाण्याची कापडी पिशवी होती. तिच्यावर छापलेल्या कवटीचा अर्धा चेहरा नर्मदाबाईकडे बघत होता.

"केसरबाई," ती म्हणाली, "ह्या वर्षी तुम्ही दादर पेरली नव्हती. मग पायली कोठून दिली?"

केसरबाईने पातेलं खाली ठेवलं. बराच वेळ तिने त्याच्यावरचं झाकण नीट बसवलं, जसं काही ते आधी नीट नव्हतंच. मग बोलली ते इतकं हळू, की नर्मदाबाईला पुढे वाकावं लागलं.

"सात पानी बदली बदली धुयी वं वहिनी. आठवं पानी नितळ निंघनं."

हळूहळू सगळं बाहेर आलं. मृगात पेरायला तिने हायब्रीड ज्वारीची पिशवी आणून ठेवली होती, लाल पूड चोळलेली. पायल्या गोळा व्हायला लागल्या तेव्हा घरात दादरचा दाणा नव्हता. मागावी तर कोणाकडे? भाऊ श्रीमंत आणि बहीण रिकामी, असं गाव बोललं असतं. मग तिने पिशवी फोडली, डोणीत दाणे धुतले, सावलीत वाळवले आणि पदराखाली झाकून नेऊन ढिगात ओतले. मोड तर सगळ्यांत आधी तिच्याच दाण्यांना आले, असं सांगताना तिच्या आवाजात नकळत थोडा अभिमानही येऊन गेला. डोणीतलं पाणी कोंबड्या प्यायल्या, हे तिला दुसऱ्या दिवशी कळलं.

"भिंतवर बठ्ठास्ना नाव लागनात," केसरबाई म्हणाली. "मी ह्या घरनी लेक. मन्हंच नाव नही, तर लोके काय म्हनतीन?" आणि थोडं थांबून, "एक पायलीनी काय गाव मरस का?"

नर्मदाबाई उंबऱ्याशी उभी राहिली. या घरातली प्रत्येक वाईट बातमी तिच्याच तोंडून बाहेर पडली होती. सासऱ्यांचं गेलेलं सासूबाईंना तिने सांगितलं. वाटण्या होणार हे धाकट्यांना तिने सांगितलं, कारण भिकनआबांना, तिच्या नवऱ्याला, असं काही बोलायची वेळ आली की नेमकं शेतात पाणी द्यायचं आठवे. आणि भुसावळहून तार आली त्या दुपारी, केसरबाई याच अंगणात मिरच्या वाळत घालत होती, तेव्हा तिच्या हातातलं सूप काढून घेऊन तिला सांगितलं तेही नर्मदाबाईनेच. अठरा वर्षं झाली. नर्मदाबाई कधी घाईघाईने आली की केसरबाई अजून हातातलं काम खाली ठेवते.

आता पुन्हा तेच. बोललं तर या बाईचं एकुलतं एक बिरुद जाणार आणि यादवची सात वर्षं गटारीत. नाही बोललं तर परवा अख्खं गाव ते पिणार, माहेरवाशिणींसकट. तिला वाटलं, कोणीतरी दुसरं असावं ना एकदा. देवऱ्यांच्या घरात एवढी माणसं, सगळ्यांना तोंडं आहेत.

ती निघाली. केसरबाईने तिला कोणाला सांगू नको असं म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

शेडवर रतनलाल शेठ कमानीचा बोर्ड सरळ करून घेत होते. तो तीनदा सरळ होऊन तीनदा वाकडा झाला होता. नर्मदाबाईने त्यांना पाणी दिलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं की तुमच्या दुकानात ते लाल पूड चोळलेलं बियाणं असतं, ते धुऊन खाल्लं तर काय होतं.

शेठ दचकले. खायचं नसतं, म्हणाले, धुऊनही नाही. पूड दाण्यात मुरते. मग त्यांना विषय आवडला आणि ते खुलले. गेल्या वर्षी एका गिऱ्हाइकाने दिवसभर ते बियाणं हाताने पेरलं आणि संध्याकाळी दोन घोट घेतले. तोंड टोमॅटोसारखं लाल, छातीत धडधड, ओकाऱ्या, सरळ सिव्हिलमध्ये. कंपनीचा माणूस तर दुकानात येऊन बजावून गेला होता.

"अक्का, ही पूड आणि दारू, दोन सवती समजा," शेठ म्हणाले. "वेगवेगळ्या घरात असल्या तर चालून जातं एखादे वेळी. एका पोटात आल्या की घर पेटलं."

नर्मदाबाईने त्यांच्या हातातला पेला परत घेतला. आता तिच्याकडे गप्प राहायला काही कारणच उरलं नव्हतं. हे तिला आवडलं नाही.

ऊन उतरू लागलं तेव्हा सगळे शेडमध्ये होते. बायका झाडलोट करून रांगोळीच्या रेघा आखत होत्या. केसरबाईही आली होती, कोपऱ्यात केरसुणी घेऊन, एकच कोपरा पुन्हा पुन्हा झाडत. भिकनआबा टाकीसमोर खुर्ची टाकून बसले होते. हेच आबा दोन वर्षांपूर्वी म्हणत होते की माझ्या बापाच्या जमिनीवर दारू होणार असेल तर मी काशीला जातो. परवासाठी धुळ्याचे बावीस पाहुणे त्यांनीच बोलावले होते. यादव टाकीच्या नळाशी वाकून काहीतरी बघत होता. तो वाळला होता, डोळे आत गेले होते. सगळे म्हणत, काळजीने.

नर्मदाबाईने सांगितलं. उभ्यानेच, टाकीला पाठ टेकून. एका घरातून पूड लावलेलं बियाणं धुऊन ढिगात आलंय, ते टाकीत आहे, आणि शेठ सांगतायत तसं असेल तर ही बियर कोणाला देता येणार नाही.

आधी कोणाला समजलंच नाही. मग शेठच पहिले बोलले, आणि मघाशी ज्या उत्साहाने त्यांनी टोमॅटोची गोष्ट सांगितली होती ती आता घाबऱ्या आवाजात परत सांगितली. आबा खुर्चीतून अर्धे उठले आणि तसेच राहिले. त्यांची नजर नर्मदाबाईवरून कोपऱ्यातल्या केरसुणीकडे गेली आणि लगेच परत आली. त्यांना कळलं होतं. मग ते म्हणाले की एक पायली म्हणजे किती, समुद्रात मिठाचा खडा. जळगावला तपासायला पाठवू, आखाजी होऊन जाऊ दे, पाहुण्यांना पेलाभरच देऊ, लहान पेला.

इतके दिवस नर्मदाबाईच्या हाताखाली मोड परतत जिने तिला सख्ख्या बहिणीसारखं मानलं ती कुंदाबाई आता तिच्यापासून दोन पावलं मागे सरकली. ती धाकटी, तरतरीत, भिंतीवरच्या सगळ्या नावांचं अक्षर तिचं.

"कोणत्या घरातून आलं?" ती म्हणाली. "जाऊबाई, नाव सांगा. माझ्या नवऱ्याची सात वर्षं ज्या बाईने बुडवली तिचं नाव गावाला कळू द्या."

"नाव सांगून टाकी गोड होणार आहे का?"

"तुम्ही कोणाला तरी झाकताय."

"झाकतेय," नर्मदाबाई म्हणाली. "तू सून होऊन आलीस तेव्हा तुलाही मी झाकलं होतं, तसंच."

म्हणजे काय, ते घरातल्यांना माहीत होतं आणि बाकीच्यांना माहीत करून घ्यायचं होतं. झाडणाऱ्या चाळीस बायकांचे हात थांबले. केसरबाईने केरसुणी भिंतीला उभी केली. ती पुढे येण्यासाठी पाऊल उचलणार हे नर्मदाबाईला दिसलं, आणि तिने डोळ्यांनीच नको म्हटलं. पण त्याआधीच रांगोळीच्या डब्याशी बसलेली ताईबाई उठली. ताईबाई म्हणजे सरपंचाची आई. गावात तिच्या पुढून कोणी चप्पल घालून जात नसे. तिने पदर नीट केला.

"नाव सांगू नको, नर्मदा," ताईबाई म्हणाली. "मन्हंच शे. तुले कोणी सांगं ते फक्त सांग."

शेडमध्ये कबुतरांचं गुटरगूं ऐकू येऊ लागलं.

नर्मदाबाईचं तोंड उघडं राहिलं. ताईबाईने ते बरोबर उलटं घेतलं. तिला वाटलं, आता हिच्यापुढे नाकबूल करून उपयोग नाही. मग ती सगळं बोलली. काढणीच्या वेळी जो अवकाळी पाऊस झाला त्यात तिची दादर काळी पडली होती. सरपंचाच्या घरातून काळी दादर कशी द्यायची? पेरणीसाठी आणलेलं बियाणं होतं. तिने ते नऊ पाण्यांनी धुतलं होतं, पाच-सात नव्हे, नऊ, आणि शेवटच्या पाण्यात तुळशीचं पानही टाकलं होतं.

मग वनाची बायको पुढे आली. तिला वाटलं, अक्काला तिचंच कळलंय आणि ताईबाई उगाच मध्ये पडतेय. तिने दुधाने धुतलं होतं. मग गल्लीतल्या पुनाची सून, जी आल्यापासून सासूपुढे बोलली नव्हती, ती पहिल्यांदा बोलली ते हेच. पाऊस काय एकाच शेतावर पडतो? दादर साऱ्या शिवाराची काळी पडली होती. फक्त प्रत्येक घराला वाटत होतं की आपलीच. कोणी विकत आणून दिली, कोणी भावाकडून मागवली, आणि ज्यांना तेही जमलं नाही त्यांनी बियाण्याची पिशवी फोडली. एकेक जण उभी राहात गेली, आणि प्रत्येक जण नर्मदाबाईकडे अशी बघे की जणू तीच पोलिसांना घेऊन आलीय. आठवी केसरबाई. तिने फक्त एवढंच म्हटलं, "मन्हं बी शे." आणि आतापर्यंत एवढ्या जणी बोलल्या होत्या की कोणी तिच्याकडे मान वळवूनही पाहिलं नाही. अठरा वर्षांत पहिल्यांदाच केसरबाई गर्दीतली एक झाली, आणि तिच्या चेहऱ्यावर काय आलं म्हणावं, तर विसावा.

अकरा झाल्या. आबा बोटांवर मोजत होते, त्यांची बोटं संपली म्हणून थांबले.

यादव मात्र आपल्या बायकोकडे बघत होता. कुंदाबाई भिंतीकडे बघत होती. तिथे पहिल्या ओळीत तिने सगळ्यांत सुबक अक्षरात स्वतःच्या चुलीचं नाव लिहिलेलं होतं.

"आपली दादर भिजली होती ना गं," यादव म्हणाला.

कुंदाबाईने पदर तोंडाला लावला. नर्मदाबाईला तिच्याकडे बघून राग यायला हवा होता. पण रागाला उभं राहावं लागतं, आणि ती आधीच किती वेळ उभी होती. तिने जाऊन कुंदाच्या डोक्यावर हात ठेवला.

यादव खाली बसला. ओट्यावर, टाकीला टेकून. आणि मग तो हसायला लागला. आधी सगळ्यांना वाटलं रडतोय, मग वाटलं डोक्यावर परिणाम झाला. शेठ पाणी आणायला धावले.

"वहिनी," तो म्हणाला, "नऊ दिवस मी रोज अर्धा पेला चाखतोय. चाखल्याशिवाय कळत नाही ना. आणि रोज तोंड पेटतं, छाती धडधडते, मागे बाभळीखाली जाऊन ओकतो. मला वाटलं, बारा वर्षं दुसऱ्यांची बियर पचली आणि आपली पचेना. कोणाला सांगू? ज्याला आपलीच बियर सोसत नाही, तो कसला बियरवाला? फेसही सुस्त होता. मला वाटलं, हात गेला माझा. लायसनला बारा-बारा तास बाकावर बसलो तेव्हा एवढा थकलो नव्हतो." त्याने डोळे पुसले. "म्हणजे माझा हात गेला नाही. म्हणजे बियर बरोबर होती."

 हे ऐकून आबा उठले, टाकीपाशी गेले आणि नळावर हात ठेवून म्हणाले की धुळ्याच्या पाहुण्यांना मी स्वतः सांगतो. लग्न झाल्यापासून पस्तीस वर्षांत नर्मदाबाईने हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. तिला वाटलं, खरंच कोणी आपल्याला उचलायला आलं की काय.

पण टाकी ओतून देणंही सोपं नव्हतं. सरकारी कुलूप, ते इन्स्पेक्टरशिवाय उघडायचं नाही. यादवला चाखण्यापुरता छोटा नळ मोकळा ठेवलेला होता, तेवढाच. शिवाय नदीत सोडायचं नाही, खाली गुरं पितात, विहिरीजवळ नाही, उताराला नाही. दुसऱ्या दिवशी आबांच्या माळावर, जिथे गवतसुद्धा उगवत नव्हतं, तिथे गावाने खड्डा खणला. दोन हजार लिटर मावतील एवढा. जे हात पेला धरायला शिवशिवत होते त्यांनी कुदळी धरल्या. बारा घरच्या बायका सगळ्यांच्या आधी आल्या आणि त्यांना कोणी काही म्हटलं नाही, कारण खणताना बाकीच्या घरांनाही हळूहळू आठवू लागलं की आपण दादर ज्याच्याकडून विकत घेतली त्याची तरी कुठली होती.

आखाजीच्या सकाळी इन्स्पेक्टर आले, नवा शर्ट घालून, कारण त्यांनाही पहिल्या पेल्याचं निमंत्रण होतं. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी टाकीत पट्टी बुडवून बियर मोजली, कागदावर कारण लिहिताना पेन तीन वेळा उचललं, आणि कुलूप काढलं. पाइप लावला. बियर माळावरून चालत खड्ड्यात गेली. ती सोनेरी होती, हे पहिल्यांदाच सगळ्यांना दिसलं. फेस आता चांगला येत होता. गाव खड्ड्याच्या काठावर उभं होतं. वनाने टोपी काढली, मग बाकीच्यांनीही काढल्या, आणि इन्स्पेक्टरला टोपी नव्हती म्हणून ते डोक्यावरून हात फिरवून घेत होते. धुळ्याचे बावीस पाहुणे आलेच होते; त्यांच्याबरोबरचा तो वकील हात जोडून उभा राहिला. भिकनआबांनी त्यांना कधी आणि काय सांगितलं कोणास ठाऊक, पण एकाही पाहुण्याने पेला मागितला नाही.

दहा मिनिटांत सात वर्षं संपली. माती ओढायला सुरुवात झाली.

पुढची चांगली दादर आता येत्या माघात. तोपर्यंत कुंदाबाईने भिंत पुसायची की नाही यावर दोघीतिघी हळू बोलत होत्या. कुंदाबाई म्हणाली राहू द्या, आणि फडकं खाली ठेवलं. रतनलाल शेठ कमानीखाली उभे राहून बोर्ड उतरवू का असं विचारत होते, आणि ज्याला विचारत होते तो दरवेळी ऐकू न आल्यासारखं करत होता.

यादव खड्ड्याच्या कडेला बसून होता. दुपारी लोक पांगले, माहेरवाशिणी झोक्यांकडे गेल्या, आणि तिकडून त्यांची गाणी येऊ लागली. केसरबाई आली. ती त्याच्यापासून दोन हात लांब, मातीतच बसली.  तिने विचारायला हवं होतं ते सगळं तिच्या तोंडावर होतं, आणि तिने दुसरंच विचारलं.

"यादव. कशी व्हती रे?"

तो तिच्याकडे बघत राहिला. पलीकडे बाभळीखाली उभ्या असलेल्या नर्मदाबाईला वाटलं, आता हा काहीतरी तोडून बोलणार, आणि ते सावरायला परत आपल्यालाच जावं लागणार. तिने पाऊलही उचललं.

"बरी व्हती, अक्का," यादव म्हणाला. मग त्याला ते पुरेसं वाटलं नाही. त्याने डोळे मिटले, नीट आठवलं. "पहिलांदा कडू लागे. मंग तव्यावर भाकर फुगस, तिना वरला पापुद्रा जरासा करपस नही का, तशी. आन शेवटले गोड. माय चुलीपाशी बसीसन आपले पहिली भाकर दे ना, तशी."

केसरबाईने मान हलवली, जणू तिने ती प्यायली होती आणि त्याचं म्हणणं बरोबर होतं.

"आजून सांग," ती म्हणाली.

तो सांगू लागला. कुदळ घेऊन परत निघालेला वना थांबला. ताईबाई थांबली. रिकामा डबा घेतलेली कुंदाबाई जवळ येऊन उभी राहिली. नर्मदाबाईने उचललेलं पाऊल परत ठेवलं, बाभळीच्या खोडाला हात लावला, आणि मग हळूहळू, एक गुडघा, मग दुसरा, ती खाली बसली.